हुरड्याचे पाहुणे, पोपटीचे यजमान



हरभऱ्याला घाटे धरू लागले आणि ज्वारी निसवली की घाटावरच्या गावांत एक विषय हमखास निघतो, ‘यंदा कोकणात जाऊन येऊ.’ चार घरे मिळून जीप ठरते. पहाटे निघायचे, ताम्हिणी नाहीतर कुंभार्ली घाट उतरायचा, दुपारी समुद्रात पाय भिजवायचे, हॉटेलात ताटे मागवायची, पैसे देताना कुरकुर करायची आणि वळणावळणाला उलट्या करणारी पोरे मांडीवर घेऊन रात्री परतायचे. एवढ्यात वाळू पाहून होते, पाणी पाहून होते. कोकणातला माणूस मात्र पाहायचा राहतो. त्याच्या चुलीशी बसून जेवल्याशिवाय तो दिसतही नाही.

घाटावरचा आणि कोकणातला संबंध आजकालचा नाही. गाडीरस्ते होण्याआधी बैलांच्या पाठीवर गोण्या लादून घाटवाटांनी ज्वारी, गूळ, कांदा, मिरची खाली उतरत असे आणि वर येताना मीठ, सुकी मासळी, नारळ, सुपारी येत असे. आजही आपल्या घरी सुपारीवाचून विडा मांडता येत नाही आणि त्यांच्या घरी पावसाळ्याची बेगमी करताना घाटावरची लाल मिरची लागतेच. माल अजून येतो-जातो. माणसांचे येणे-जाणे तेवढे कमी झाले आहे. ते पुन्हा कसे वाढावे आणि वाढवताना काय सांभाळावे, याविषयी चार गोष्टी अनुभवाने सांगतो.

मी मूळचा मंगळवेढ्याकडचा, म्हणजे काळ्या रानातला आणि मालदांडी ज्वारीतला. नोकरी शेतीखात्यात, तीही बहुतेक कोरडवाहू गावांत. शिक्षण मात्र दापोलीच्या कृषी महाविद्यालयात झाले. घर सोडून इतक्या लांब गेलेला मी एकटाच, त्यामुळे पहिल्या सहामाहीत जीव रमेना. तेव्हा माझ्या खोलीत श्रीवर्धन तालुक्यातला एक मुलगा होता. चार दिवसांची सुट्टी लागली की आम्ही बाणकोटची खाडी होडीने ओलांडून त्याच्या घरी जात असू. त्याच्या आईने पहिल्याच दिवशी मला पाटावर बसवले आणि ताटात भाताचा डोंगर केला. मी म्हणालो, ‘काकी, मला भाकरी असली तर द्या.’ त्यांनी न बोलता तांदळाच्या पिठाची उकड काढली आणि भाकरी थापली. पांढरीशुभ्र, पापुद्रा सुटलेली. माझे पोट भरले. पण ज्वारीची नव्हे म्हणून मन भरले नव्हते. ते त्या माउलीने ओळखले असावे, कारण पुढच्या खेपेला त्यांनी श्रीवर्धनच्या बाजारातून माझ्यासाठी दोन शेर ज्वारी आणवून ठेवली होती.

त्याला आता तीस वर्षे उलटून गेली. मित्र नोकरीच्या मागे लागला नाही, वडिलांच्या वाडीत राहिला. मी सरकारी चाकरीत पडलो. दोघांची लग्ने झाली, मुले झाली. एक रिवाज मात्र आम्ही मोडला नाही. हुरड्याला त्यांनी आमच्याकडे यायचे आणि पोपटीला आम्ही त्यांच्याकडे जायचे.

जून २०२०

वाडी म्हणजे काय, हे घाटावरच्या वाचकाला थोडे सांगायला हवे. आपण एकरात बोलतो, किनाऱ्यावर लोक गुंठ्यांत बोलतात. माझ्या मित्राची वाडी पंचवीस गुंठ्यांची. त्यात दोनशेच्या आसपास सुपाऱ्या, वीस-बावीस नारळ, सुपारीच्या खोडांवर चढवलेली मिरी, मध्ये दोन-चार जायफळे, विहिरीच्या पन्हळाशी अळू आणि कर्दळ. श्रीवर्धनचा रोठा म्हणजे बाजारात नावाजलेली सुपारी. एवढ्याशा जागेवर घर चाले, पोरांची शिक्षणे होत, आणि आल्यागेल्याला ताट वाढताना कुणाचा हात आखडत नसे.

३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ दुपारच्या सुमारास श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने जमिनीवर आले. ताशी शंभर किलोमीटरच्या वर वारा. सुपारीचे झाड उंच, सडपातळ आणि मुळे वरच्या थरात. एक झाड मोडले की शेजारच्या दोघांना घेऊन पडते. मित्राच्या दोनशेपैकी चाळीस उभ्या राहिल्या, नारळ बारा राहिले. घरावरची कौले उडाली, वीज कित्येक दिवस आली नाही. त्यात कोरोनामुळे सगळे बंद. आम्हाला जाता येईना, त्याला बोलता येईना. फोन लागला तेव्हा एवढेच म्हणाला, ‘आकाश फार दिसतंय रे वाडीत.’

बागाईतदाराशिवाय या वाक्याचा अर्थ कुणाला चटकन लागायचा नाही. सुपारीला सावली लागते. दाट बागेत झाडे एकमेकांच्या खोडांना ऊन लागू देत नाहीत. शेजारी पडले की उरलेल्यांच्या खोडांवर दुपारनंतरचे ऊन थेट येते, साल भाजते, पुढे तिथेच चिरते आणि वाचलेले झाडही दोन-तीन वर्षांनी मोडू शकते. म्हणजे नुकसान त्या एका दुपारचे नव्हते. शिवाय नवे रोप रोपवाटिकेत वर्ष-दीड वर्ष वाढवावे लागते आणि लावल्यावर पहिली पोय दिसायला पाच ते सात वर्षे जातात. आपली ज्वारी गारपिटीने गेली तर पुढच्या सप्टेंबरात पुन्हा पाभर धरता येते. सुपारीवाल्याला तेवढ्यात पोराचे कॉलेज आणि पोरीचे लग्न मध्ये येऊन जाते.

जानेवारी २०२१ मध्ये आम्ही गेलो. त्याने बोलावले नव्हते. दरवर्षी डिसेंबरात ‘कधी येताय?’ असा फोन यायचा, तो त्या वर्षी आला नाही. आमच्या सौ.ला वाटले, न बोलावता कसे जायचे? माझी आई माळकरी, पंढरीची वारी केलेली. ती म्हणाली, ‘दुखवट्याला बोलावणं लागतं का? ज्यांच्या घरी आपण खाल्लं त्यांच्याकडं वाईट दिसात जायचं न्हाई तर कधी जायचं?’ मग वीस किलो ज्वारी, पाच किलो शेंगदाणे, जवस-कारळ्याच्या चटण्या आणि दोन टिकाव, दोन खोरी गाडीत टाकली.

त्या दिवशीचे जेवण सांगतो. भात, कुळथाची पिठी, भाजलेला सुका जवळा आणि कांदा. माळकरी आईसाठी जवळ्याऐवजी वाडीतल्या केळफुलाची भाजी. वाढताना वहिनींची मान खाली होती. एरवी त्या घरी ताटात सात पदार्थ असायचे. आईने पिठी-भात कालवला, पहिला घास घेतला आणि म्हणाली, ‘बाई, ह्यात काय घातलंय? आमच्याकडं कुळीथ म्हंजी बैलाला.’ वहिनी सांगू लागल्या. कुळीथ भाजून, भरडून, पाखडून पीठ करायचे. पाण्यात कालवून लसूण-मिरचीच्या फोडणीत सोडायचे, ढवळत राहायचे, दोन आमसुले टाकायची. आईने दुसऱ्यांदा पिठी मागून घेतली, तिसऱ्यांदाही. सांगता सांगता वहिनींची मान वर झाली. पाहुण्याने मागून घेतले की घर सावरते. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेले नाही.

जेवण झाल्यावर आम्ही पुरुषमाणसे वाडीत गेलो. मोडकी खोडे बाजूला केली, जुनी बुडे खणून काढली आणि दोन-दोन फुटांचे खड्डे घ्यायला लागलो. मी खात्याचा माणूस, त्यामुळे तोंडही चालू होते. आधी केळी लाव, सावली होऊ दे, मग सुपारीची रोपे दोन हप्त्यांत लाव. उरलेल्या झाडांची ऊन लागणारी खोडे झावळ्यांनी झाकून घे. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, ‘साहेब, खड्डा वाकडा चाललाय.’ दापोलीतही तो असाच होता.

मडके उपडे घालून

आता पोपटीविषयी. ज्यांनी खाल्ली नाही त्यांच्यासाठी सविस्तर सांगतो, कारण हे जेवण कोणा एकट्याचे नसतेच.

रायगड जिल्ह्यात भात कापल्यावर त्याच खाचरात, उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. त्याला वेगळे पाणी नाही की फारसे खत नाही. जानेवारीत शेंगा भरतात. त्याच वेळी बांधावर आणि पडीक जागेत भांबुर्डी नावाचे तण माजते. आपल्याकडे ज्याला खुरप्याने उपटून फेकू, अशा या झाडपाल्यावर तिथले अख्खे जेवण शिजते. मातीच्या मडक्यात तळाशी भांबुर्डीचा पाला अंथरायचा. त्यावर वालाच्या कोवळ्या-भरल्या शेंगा, जाडे मीठ, ओवा. मग रताळी, बटाटे, अंडी. खाणारे असतील तर मसाला लावलेली कोंबडी केळीच्या पानात बांधून मध्ये ठेवायची. वर पुन्हा शेंगा आणि शेवटी तोंडात भांबुर्डी गच्च दाबून बसवायची. पाण्याचा थेंब घालायचा नाही. मडके शेतात उपडे ठेवायचे, भोवती पेंढा, सुका पालापाचोळा, काटक्या रचून पेटवून द्यायचे. अर्धा-पाऊण तास जाळ चालू ठेवायचा. मडक्यावर पाणी शिंपडले आणि ते ‘चर्र’ करून उडून गेले की पोपटी झाली.

पाणी नसताना शिजते कसे, असे आमच्या धाकट्याने विचारले. पाल्यातली आणि शेंगांतली ओल वाफ होते, तोंड खाली असल्याने वाफ कोंडून राहते, आणि भांबुर्डीचा उग्र वास शेंगांत उतरून वेगळीच चव येते. आपल्याकडे हुरड्याच्या आगटीत कणसाला जाळ न लागू देता आरावर भाजायचे कसब असते, तसेच इथे जाळ चारी बाजूंनी सारखा लावायचे असते. पंढरपूरकडचा हुरडा-भाज्या आणि रोह्याकडचा पोपटी लावणारा यांना एका शेतात बसवले तर रात्रभर गप्पा संपणार नाहीत.

मडके फोडत नाहीत. काठ्यांनी उचलून केळीच्या पानांवर उपडे करतात. मग ताट नाही, पाट नाही. पोरे, बाया, गडी, शेजारी सगळे त्या ढिगाभोवती उकिडवे बसतात. शेंग तोंडात धरून दाणे ओढायचे आणि साल मागे टाकायची. माळकऱ्यांसाठी वेगळे लहान मडके लावतात. त्यात फक्त शेंगा, रताळी आणि बटाटे. त्या मडक्याची खूण म्हणून वर आंब्याचा डहाळा खोवलेला असतो. ही पद्धत गावाची नव्हे, आमच्या आईसाठी वहिनींनी काढली. आता त्यांच्याकडे येणारे इतर माळकरी पाहुणेही ते ‘डहाळ्याचे मडके’ मागतात.

२०२१ च्या जानेवारीत पोपटी लागली नाही. त्यांना सुचली नाही, आम्ही बोललो नाही. २०२२ ला मात्र त्यांचाच फोन आला, ‘शेंगा भरल्यात.’

मित्र की गिऱ्हाईक?

या मधल्या वर्षात एक बदल झाला होता. वाडीचे उत्पन्न बुडाले, म्हणून त्यांनी घराच्या मागच्या दोन खोल्या दुरुस्त करून पर्यटकांना द्यायला सुरुवात केली. घरगुती जेवणाची पाटी लावली. किनाऱ्यावरच्या पुष्कळ घरांनी हाच मार्ग धरला आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. आपण दूध विकतो, ते जेवण विकतात.

पण त्यामुळे आमच्यासारख्यांपुढे पेच उभा राहिला. ज्या ताटाचे परक्याकडून पैसे घेतात, तेच ताट आपल्याला फुकट कसे? आणि पैसे पुढे करावेत तर तीस वर्षांच्या घरोब्याचे काय? वाचकहो, हा पेच तुमच्यापैकी ज्यांचे कोणी कोकणात आहे त्यांना आज ना उद्या पडणारच, म्हणून थोडे खोलात जातो.

आमच्या गावातल्या एका गृहस्थाने तो आपल्या परीने सोडवला. माझे नाव सांगून तो ३१ डिसेंबरला अकरा माणसे घेऊन त्यांच्या दारात उतरला. दोन्ही खोल्या आधीच गेलेल्या होत्या. वहिनींनी स्वतःची झोपायची खोली दिली आणि घरचे सगळे पडवीत झोपले. पाहुण्यांनी दोन दिवस मासे मागून मागून खाल्ले आणि ‘साहेबांचे माणूस आम्ही’ म्हणत जीप घेऊन निघून गेले. माझ्या मित्राने हे मला कधीच सांगितले नाही. वर्षभराने वहिनी आमच्या सौ.शी भाकरी थापता थापता बोलून गेल्या, आणि तेही तक्रार म्हणून नव्हे. त्या दिवशी पापलेट किती महाग होता, हे सांगताना.

त्या दोघींची मैत्री या भाकऱ्यांवरच जुळलेली आहे. गव्हात असतो तो चिवट चीक ज्वारीत नाही आणि तांदळातही नाही, म्हणून दोन्ही पिठांना कढत पाणी लागते, एवढे मी सांगू शकतो. पण एकीचा हात परातीत थापायचा आणि दुसरीचा दोन तळव्यांवर पाणी लावून फिरवायचा. दोघी एकमेकींची भाकरी करायला गेल्या की आधी दोन-तीन मोडतातच आणि हसणे ओसरीपर्यंत ऐकू येते. त्या हसण्यातच ती अकरा माणसांची गोष्ट बाहेर आली. सौ.ने रात्री मला सांगितली. दुसऱ्या दिवशी गावी परतल्यावर मी त्या गृहस्थाच्या घरी गेलो आणि दोन दिवसांचा, अकरा माणसांचा हिशेब त्याच्यापुढे ठेवला. त्याने तोंड वाकडे केले. पण पैसे दिले, आणि ते मी ‘गावाकडून राहिलेले’ म्हणून मनिऑर्डरीसारखे पोचते केले. तेव्हापासून माझ्या नावावर कोणी जाणार असेल तर आधी सांगतो, घर माझ्या मित्राचे आहे, तुमच्यासाठी ती खाणावळ आहे. पूर्ण दर द्या, घासाघीस करू नका, जाण्याआधी फोन करा.

स्वतः मित्र म्हणून जाणाऱ्याने काय करावे? उशीखाली नोटा ठेवून येणारे लोक मला माहीत आहेत. तसे करू नये. घरच्या बाईला त्या नोटा चादर झटकताना सापडतात आणि तिच्या पाहुणचाराची किंमत झाल्यासारखे तिला वाटते. त्यापेक्षा धान्य न्या. ज्वारी, शेंगदाणे, तूर, गूळ, लाल मिरची हे त्यांना विकत घ्यावे लागते आणि आपल्याकडचे चांगले असते. पोते रिकामे करून परत मागू नका. निघताना त्यांच्याकडचे आमसूल, आगळ, सुपारी, मिरी घ्याल तर बाजाराचा पूर्ण भाव द्या. तो व्यवहार आहे, तिथे संकोच नको. आमच्या गावच्या बचत गटातल्या बाया आता दर उन्हाळ्यानंतर वहिनींकडून आमसुले मागवतात. कोकमाची फळे एप्रिल-मे महिन्यात उतरतात, साले त्याच फळांच्या रसात पुन्हा पुन्हा भिजवून वाळवतात. या कष्टांचे पैसे शहरातल्या दुकानदाराला देण्यापेक्षा त्यांना दिलेले बरे, हे बायांना चटकन पटले. पुरुषांना पटवायला वेळ लागला.

जायचे ते सोमवार ते गुरुवार. शनिवार-रविवार त्यांच्या कमाईचे दिवस. दिवाळीची सुट्टी आणि डिसेंबरचा शेवटचा आठवडा तर टाळाच. त्या दिवसांत वहिनी पहाटे चारला उठून पंचवीस-तीस पानांचे नारळ खवत असतात. आपण गेलो की ते काम टाकून चहा करायला उठतात. सुपारीचा हंगाम असेल तर अंगणभर फळे वाळत घातलेली असतात, चाळीस-पंचेचाळीस दिवस ती उन्हात राहतात. खुर्ची मागू नका, ओट्यावर बसा.

मासे खाणाऱ्यांना एक विनंती. किनाऱ्यावर गेलो म्हणजे पापलेट आणि सुरमई मिळालीच पाहिजे, हा हट्ट सोडा. मोठी मासळी तिथले लोक विकतात आणि घरी मांदेली, बांगडा, जवळा, तिसऱ्या खातात. आपण नाही का, चांगला भाजीपाला बाजारात नेऊन उरलेला घरात शिजवत? पापलेटाला २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्य मासा ठरवले, ते काही कौतुकापुरते नव्हे. पापलेट कमी होत चालला आणि पिल्ले जाळ्यात येऊ लागली, म्हणून. जून-जुलैत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, कारण ते माशांच्या विणीचे दिवस आणि समुद्रही खवळलेला. त्या दिवसांत गेलात तर सुकी मासळी, पिठी आणि वाडीतली भाजी यांवर समाधान माना; पाऊस पाहायला मिळतो तो वेगळाच.

तिसऱ्या खायच्या तर त्या काढायला जा. ओहोटीला किनाऱ्यावरच्या बाया वाळूत-चिखलात वाकून त्या वेचतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी लांबवर ओसरते, त्या दिवशी टोपली भरते. अष्टमीच्या भांगाला फारसे हाती लागत नाही. म्हणजे तिथे जेवणही तिथी पाहून ठरते. आमचा थोरला मुलगा दोन तास वेचत होता. त्याच्या वाट्याला जेमतेम ओंजळभर आल्या, आणि वहिनींनी त्या सगळ्यांच्या ताटात दोन-दोन वाढून ‘ह्या दादाच्या’ म्हणून सांगितले. पोराने त्या दिवशी वाटी चाटूनपुसून स्वच्छ केली. शेतकऱ्याचे पोर असले तरी अन्न कुठून येते ते त्याला दुसऱ्याच्या शेतात जास्त कळते, असे मला दिसून आले आहे.

काळ्या रानात

आमच्या बाजूचेही थोडे सांगितले पाहिजे, नाहीतर कोकणचे लोक वाढतात आणि घाटावरचे खातात असे व्हायचे.

मालदांडी ज्वारी भाकरीला उत्तम. हुरड्याला मात्र आम्ही बांधाकडेच्या आठ-दहा सऱ्या गुळभेंडी लावतो. राहुरीच्या विद्यापीठाचा ‘फुले मधुर’ हा खास हुरड्यासाठी काढलेला वाण आहे, तोही गेली काही वर्षे आमच्याकडे आहे. दाणे कणसातून सहज सुटतात, त्यामुळे हाताला श्रम कमी. दाण्यातला चीक आटत आला आणि दाणा मऊच असला की तो हुरडा. ही वेळ आठ-दहा दिवसांचीच. पुढे दाणा टणक होतो. म्हणून कोकणच्या पाहुण्यांना तारीख आपण सांगायची नसते, ज्वारी सांगते. सप्टेंबरच्या शेवटी पेरले की डिसेंबर अखेर ते जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात फोन करायचा. पोपटीच्या शेंगा त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी चांगल्या भरतात, म्हणून आमचे येणे-जाणे एकमेकांवर आदळत नाही.

मित्राची आई आता थकली आहे. प्रवास सोसत नाही, तरी हुरड्याला येते. पहिल्यांदा आली तेव्हा काळ्या जमिनीच्या भेगा पाहून घाबरली होती. ‘जमीन फाटलीय की रे,’ म्हणाली. ही माती भिजली की फुगते आणि वाळली की आकसते. भेगा पडायच्या आत कोळपून वरचा थर मोकळा ठेवला तर खालची ओल टिकते, असे मी सांगितले. तिने भेगेत हात घालून पाहिला, मनगटापर्यंत गेला. तिच्या तांबड्या मातीत वर्षाला शंभर इंचांच्या आसपास पाऊस पडतो, आणि आमच्याकडे वीस-बावीस इंचांत सारे भागवायचे. ‘एवढ्या पाण्यात तुम्ही माणसं जेवायला घालता?’ असे ती आमच्या आईला म्हणाली. आईने आगटीतले कणीस काढले, चोळले, पाखडले आणि तिच्या पदरात ओतले. दोघींनाही दात कमी. हुरडा मऊ, म्हणून बरे झाले. दही, गूळ, शेंगदाण्याची चटणी, आणि शेवटी मातीच्या गाडग्यातले ताक. सोलकढीचा घोट घेणारी ती बाई ताकाला नावे ठेवील असे सौ.ला वाटत होते. तिने दोन गाडगी घेतली.

त्यांच्या वाडीत २०२१ आणि २०२२ च्या पावसाळ्यात लावलेली रोपे आता केळीच्या वर गेली आहेत. पहिल्या लावणीतल्या चार झाडांना पोय आली, तो फोटो मित्राने मला पाठवला, खाली काही लिहिले नव्हते. मधल्या केळी तो आता हळूहळू काढतो आहे. खोल्या मात्र चालूच ठेवणार म्हणतो. वाडी पुरी लागायला अजून वेळ आहे, आणि वहिनींनाही त्या कामाची गोडी लागली आहे.

डिसेंबर सरत आला की मी रोज संध्याकाळी कणसातला दाणा नखाने दाबून पाहतो. तो जमला की फोन करतो. ते लोक चार दिवसांसाठी निघतात, आणि तेवढे चार दिवस त्यांच्या फाटकावर खडूने लिहिलेली पाटी असते, ‘खोल्या बंद आहेत.’